लिंकमध्ये शाळेचं नाव कुठे लिहिलंय? छोट्या लिंका आणि आपली शाळा



शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्याला दोन-तीन लिंका तरी पडतातच. कधी स्वाध्याय, कधी माहिती भरायचा फॉर्म, कधी प्रशिक्षणाचा व्हिडिओ. आणि त्याच ग्रुपवर, त्याच निळ्या रंगात, कुठूनतरी फिरत आलेली 'विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप' वाली लिंकही येते. दिसायला दोन्ही सारख्याच. "बाई, ही लिंक तुमचीच का?" असं पालक हल्ली विचारतात. मला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. जे न विचारता दाबतात त्यांची काळजी वाटते.

आज आपण छोट्या लिंकांविषयी, आणि त्यातही स्वतःच्या नावाच्या छोट्या लिंकांविषयी बोलणार आहोत. जाहिरातवाले यांना 'ब्रँडेड लिंक' म्हणतात आणि सांगतात की लिंकमध्ये आपलं नाव असलं की विश्वास वाढतो. हे अर्धं खरं आहे. नाव लिंकमध्ये कुठल्या जागी आहे, यावर बाकीचं अर्धं ठरतं.

(या लेखातले सगळे पत्ते मी मुद्दाम देवनागरीत लिहिले आहेत. वाचताना चुकून कुणाचा अंगठा पडायला नको.)

लिंक छोटी होते म्हणजे नेमकं काय होतं?

अनेकांना वाटतं की लांब लिंक दाबून-चेपून छोटी केलेली असते. तसं नसतं. एसटी स्टँडवरच्या टपरीवाल्याला आपण विचारतो, "कुलकर्णी गुरुजींचं घर कुठे हो?" तो हात दाखवतो आणि आपण चालू लागतो. छोटी लिंक म्हणजे तो टपरीवाला. त्याच्याकडे एक वही असते. वहीत एका बाजूला छोटा शब्द, दुसऱ्या बाजूला खरा लांबलचक पत्ता. आपण छोटी लिंक दाबली की आपला फोन आधी टपरीवर जातो, टपरीवाला सांगतो "तिकडे जा", आणि फोन तिकडे जातो. हे सगळं क्षणात होतं म्हणून आपल्याला टपरी दिसत नाही. तांत्रिक भाषेत या 'तिकडे जा'ला रीडायरेक्ट म्हणतात. त्याचे ठरलेले क्रमांकही आहेत: ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदललाय, ३०२ म्हणजे तात्पुरता.

हे चौथीच्या मुलांना शिकवायचं असेल तर संगणक लागत नाही. एका मुलीला वही द्या. वहीत लिहा: 'फूल – ग्रंथालयाचं कपाट', 'चेंडू – पाण्याची टाकी', 'सात – कडुनिंबाचं झाड'. बाकीच्या मुलांना फक्त 'फूल', 'चेंडू', 'सात' अशा चिठ्ठ्या. मुलांनी चिठ्ठी घेऊन वहीवालीकडे जायचं, ती सांगेल तिथे पळायचं. पहिला डाव मजेत होतो. दुसऱ्या डावात वहीतला पत्ता गुपचूप बदला. चिठ्ठी तीच, पण मुलं भलतीकडे पोहोचतात आणि चिडतात. तिसऱ्या डावात वहीवालीला दुसऱ्या वर्गात नेऊन बसवा. चिठ्ठ्या हातात आहेत, कपाटही जागेवर आहे, पण कुणी कुठेच जाऊ शकत नाही.

चौथा डाव खरा महत्त्वाचा. सहावीतला एक मुलगा वेगळी वही घेऊन बसवा आणि त्याच्या वहीतही एक शब्द लिहा: 'बाईंनी-सांगितलं'. आता मुलांना विचारा, शब्द तर बाईंच्या नावाचा आहे, पण वही कुणाची?

याच प्रश्नाकडे आपल्याला यायचं आहे. त्याआधी थोडा इतिहास, कारण पालकसभेत कुणीतरी विचारतंच.

या लिंका आल्या कुठून?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केविन गिल्बर्टसन नावाचे गृहस्थ आहेत. त्यांना एकचाकी सायकलचा नाद. त्या विषयाच्या चर्चागटात लांब पत्ते पाठवले की ओळ मध्येच तुटायची आणि लिंक चालायची नाही. म्हणून त्यांनी २००२ मध्ये टायनीयूआरएल सुरू केलं. पुढे ट्विटर आलं, तिथे एका संदेशाला १४० अक्षरांची मर्यादा होती आणि छोट्या लिंकांना सुगीचे दिवस आले. बिटली २००८ चं. मोठ्या कंपन्यांनी मग स्वतःच्याच छोट्या लिंका काढल्या. यूट्यूबची 'यूटू.बीई', ॲमेझॉनची 'एएमझेडएन.टीओ', गूगल फॉर्मची 'फॉर्म्स.जीएलई'. वाचल्याबरोबर कुणाची ते कळतं.

आता आपल्या मराठी शिक्षकांची एक खास अडचण. ट्विटरची मर्यादा आपल्याला कधी नडली नाही, पण मराठी शीर्षकाची लिंक नडते. ब्राउझरमध्ये मराठीत सुंदर दिसणारा पत्ता कॉपी करून चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटसाठी टक्का व दोन खुणा लिहिल्या जातात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हं, म्हणून ३६ खुणा. 'वार्षिक-स्नेहसंमेलन' एवढ्यासाठी १६३! ग्रुपवर अशी लिंक टाकली की अर्धा पडदा भरतो, आणि पालक म्हणतात, "बाई, काहीतरी व्हायरस आलाय."

ब्लॉगरवर लिहिणाऱ्यांना उलटा अनुभव येतो. पूर्ण मराठी शीर्षक दिलं तर ब्लॉगर ते सोडूनच देतो आणि लिंकमध्ये नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा येतो. त्यावरून कुठला लेख ते कुणालाच कळत नाही. उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक उघडून 'सानुकूल' म्हणजे कस्टम निवडायचं आणि इंग्रजी अक्षरांत 'चौथी-गणित-अपूर्णांक' असं छोटं नाव द्यायचं. प्रसिद्ध केल्यानंतर मात्र हे नाव तसं बदलता येत नाही, म्हणून आधीच करायचं.

नाव आहे, पण कुठल्या जागी?

लिंक वाचायला शिकवताना मला पोस्टाच्या पत्त्याची फार मदत होते. आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: घर, गल्ली, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. वेबसाइटचं नावही तसंच, डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, जिथे येते तिथे बोट ठेवा. बोटाच्या डावीकडचे शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालक. गव्ह.इन, एसी.इन, को.इन असं असेल तर शेवटचे तीन.

दोन उदाहरणं पाहू. 'शाळेचंनाव.इन/चाचणी' यात मालक 'शाळेचंनाव.इन'. आणि 'शाळेचंनाव.इन.बक्षीसफॉर्म.टॉप/चाचणी' यात? मुलं झटकन 'शाळा' म्हणतात. बोट ठेवून वाचलं की कळतं, मालक 'बक्षीसफॉर्म.टॉप' आहे. शाळेचं नाव तिथे नुसतं घराच्या पाटीसारखं पुढे लावलंय.

स्लॅशच्या उजवीकडचा भाग म्हणजे घराच्या आतली खोली, कपाट, खण. तिथे मालक हवं ते लिहू शकतो. आता मोफत सेवेवर आपण जी 'कस्टम लिंक' बनवतो ती पाहा: 'बिट.एलवाय/शाळेचंनाव-चाचणी'. शाळेचं नाव आहे, वाचायला छान आहे, पण ते स्लॅशनंतर आहे. त्या सेवेवर खातं उघडून कुणीही 'शाळेचंनाव-शिष्यवृत्ती' अशी लिंक बनवू शकतो. आपल्याला विचारायला कुणी येत नाही. पुण्यात 'अस्सल कोल्हापुरी मिसळ' अशी पाटी लावली म्हणून ते हॉटेल कोल्हापुरात जात नाही ना, तसंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की स्लॅशच्या आधीचं नाव पालकांनी एकदा ओळखायचं आणि ते कायम तेच ठेवायचं. स्लॅशनंतर मग चाचणी असो, सहल असो, सुट्टीचा अभ्यास असो, ते फक्त आपणच लिहू शकतो. पालकाला दर वेळी नव्याने शहानिशा करावी लागत नाही. दर आठवड्याला वेगवेगळ्या सेवेवरून वेगवेगळी लिंक पाठवणारी शाळा पालकांना नकळत एक सवय लावते: बाईंनी पाठवलं की डोळे मिटून दाबायचं. ठकसेनाला हीच सवय हवी असते.

मोठ्या पातळीवरही हाच विचार चाललेला दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना त्यांच्या वेबसाइट 'बँक.इन' या राखीव नावाखाली आणायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ते नाव बँकांशिवाय कुणाला मिळत नाही. एसएमएसमधून येणाऱ्या लिंका कंपन्यांनी आधी नोंदवलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर संदेश अडवायचा, असा ट्रायचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. पण पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप या नियमात येत नाही. तिथली राखण आपल्यालाच करायची.

'फॉर्म्स.जीएलई' बद्दल एक इशारा. या लिंकवरून हा गूगलचा फॉर्म आहे एवढं कळतं, फॉर्म कुणी बनवला ते नाही. गूगल फॉर्म कुणीही बनवतं. इमारत खरी असली तरी आत कोण बसलंय ते वेगळं पाहावं लागतं.

मग शाळेने काय करावं?

आधी हे विचारा की छोटी लिंक हवीच आहे का. व्हॉट्सअॅपवर लिंक दाबायची असते, टाइप करायची नसते. तिथे लांब, खरी, पूर्ण लिंकच चांगली, कारण तिच्यात मालक दिसतो. ड्राइव्हची लिंक ऐंशीच्या आसपास अक्षरांची असते, असू दे. छोटी लिंक लागते ती फळ्यावर, वहीत, प्रगतिपुस्तकावर, फ्लेक्सवर, आणि सभेत माइकवरून सांगायला. आणि तिथे सेवेने आपोआप दिलेली सहा-सात खुणांची लिंक कामाची नाही. शून्य की 'ओ', एक की लहान 'एल', इथेच आजोबा अडकतात. शिवाय स्लॅशनंतर लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. वाचता येईल असा शब्द, सगळी लहान अक्षरं, असंच नाव द्या.

स्वतःचं डोमेन घ्यायचं का? डॉट इन नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतं. मोठ्या शाळेला जमेल. पण पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि एखाद्या वर्षी राहून गेलं तर मुदतीनंतर ते नाव कुणीही विकत घेऊ शकतं. शाळेच्या जुन्या नावावर जुगाराची जाहिरात दिसणं हे छोट्या लिंकेपेक्षा फार मोठं संकट आहे. दोन शिक्षकी शाळेने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्यासाठी फुकटातला मार्ग आहे. शाळेचा ब्लॉगरवर ब्लॉग असेल तर त्याचा पत्ता 'शाळेचंनाव.ब्लॉगस्पॉट.कॉम' असा असतो. माझ्या बोटाच्या नियमाने मालक गूगल निघतो हे खरं, पण नेमकी ही खोली या नावाने दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'एरर्स अँड रीडायरेक्ट्स' असा भाग आहे. तिथे 'कस्टम रीडायरेक्ट्स' मध्ये 'पासून' या जागी '/चाचणी' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) आणि 'पर्यंत' या जागी त्या लेखाचा लांब पत्ता टाकायचा. झाली आपली नावाची छोटी लिंक, आणि वही आपल्याच हातात! एकच मर्यादा आहे, हे ब्लॉगमधल्या पानांपुरतंच चालतं, बाहेरच्या पत्त्याला नाही. पण ती मर्यादाच उपयोगी पडते. पालकांना थेट फाइलची लिंक देऊ नका, आपल्या पानाची द्या आणि फाइल त्या पानावर ठेवा. पुढच्या वर्षी फाइल बदलली तर पान दुरुस्त करायचं, छापलेली लिंक तशीच राहते. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोडखाली सहा खुणांचा कोड असतो ना, त्यामागेही हाच विचार आहे. पुस्तक छापून झालं तरी दीक्षावर त्या कोडमागचं साहित्य बदलता, वाढवता येतं.

क्यूआर कोड भिंतीवर रंगवायची हौस असेल तर एक जपा. क्यूआर म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेली लिंकच. काही संकेतस्थळं 'डायनॅमिक' क्यूआर बनवून देतात, त्यात आपली नाही तर त्यांची लिंक असते, आणि मोफत मुदत संपली की ती पैसे मागते. रंगाऱ्याला बोलावण्याआधी तो कोड स्कॅन करा आणि उघडताना आधी कुणाचा पत्ता दिसतो ते बघा.

टपरी बंद पडली तर?

गूगलची 'गू.जीएल' ही सेवा डिसेंबर २००९ मध्ये आली. गूगलचीच आहे म्हटल्यावर सगळ्यांनी निर्धास्त वापरली, शिक्षकांनीही. २०१८ मध्ये नव्या लोकांसाठी ती बंद झाली, २०१९ मध्ये नव्या लिंका बनवणं पूर्ण थांबलं. जुलै २०२४ मध्ये गूगलने जाहीर केलं की २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या लिंकाही चालणार नाहीत. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला निर्णय थोडा सौम्य झाला: ज्या लिंका कुणी वापरत नव्हतं त्या बंद, वापरातल्या चालू. पण विचार करा, पाच वर्षांतून एकदा उघडली जाणारी कार्यानुभवाची पुस्तिका 'वापरातली' ठरेल का? आपल्या जुन्या पीडीएफ, जुने लेख एकदा उघडून बघा. ज्या 'गू.जीएल' लिंका अजून चालतात त्या दाबून खरा पत्ता मिळवा आणि तोच लिहून ठेवा.

नावाच्या शेपटीकडेही लक्ष असू द्या. 'एलवाय' ही शेपटी लिबिया देशाची, 'जीएल' ग्रीनलँडची, 'बीई' बेल्जियमची. २०१० मध्ये 'व्हीबी.एलवाय' ही छोट्या लिंकांची सेवा लिबियाच्या नोंदणी कार्यालयाने तिथल्या कायद्याचं कारण देऊन काढून घेतली. ज्यांनी त्या लिंका वाटल्या होत्या त्यांना आपला लिबियाशी काही संबंध आहे याची कल्पनाही नसेल.

आपल्याकडे टपरी बंद पडायचं सर्वात मोठं कारण मात्र लिबिया नाही, बदली आहे. लिंका उत्साही शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर बनतात, आणि त्याची बदली झाली की वही त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते. म्हणून शाळेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा, सगळ्या लिंका त्यावरच बनवा, पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. चार्ज देताना जडवस्तूंच्या यादीत ते पाकीटही येऊ द्या.

छोटी लिंक म्हणजे कुलूप नव्हे

हे सर्वात गंभीर आहे. 'लिंक कुणाला माहीतच नाही, मग उघडणार कोण?' असं म्हणून विद्यार्थ्यांची माहिती असलेली शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' अशा परवानगीने वाटली जाते. इंग्रजीतली २६ लहान, २६ मोठी अक्षरं आणि १० अंक मिळून ६२ खुणा. सहा खुणांच्या लिंका सुमारे ५,६८० कोटी होऊ शकतात. आकडा मोठा वाटतो, पण संगणक न दमता एकेक करून बघू शकतो. कॉर्नेल टेकच्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये हेच दाखवून दिलं. पाच-सहा खुणांच्या छोट्या लिंका अंदाजाने तपासून त्यांना लोकांच्या क्लाउडमधल्या खासगी फाइली आणि नकाशावर शोधलेले पत्ते सापडले. त्यानंतर गूगलने नकाशांच्या लिंका लांब केल्या.

आणि आपण तर वाचता येईल अशा नावाच्या लिंका बनवणार! 'चौथी-यादी' हे नाव ओळखायला संगणकही लागत नाही. त्यामुळे मुलांची नावं, जन्मतारखा, आधार, बँक खातं, पालकांचे फोन असलेली कुठलीही फाइल छोट्या लिंकेमागे ठेवायची नाही. ती ज्यांना द्यायची त्यांच्या ईमेललाच परवानगी द्या.

संशयास्पद छोटी लिंक आली तर न उघडता बघता येते. बिटलीच्या लिंकेपुढे अधिकाचं चिन्ह लावून ती ब्राउझरमध्ये टाकली की खरा पत्ता दिसतो. टायनीयूआरएलच्या आधी 'प्रीव्ह्यू' आणि टिंब लावलं की तेच होतं. आणि लिंकवरून एपीके फाइल उतरायला लागली तर तिथेच थांबायचं, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो की चलन म्हणून. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन.

पहिल्या पालकसभेत वाचून दाखवायला आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला एक मजकूर देते. शाळेचं नाव घालून हवा तसा बदलून घ्या:

"आपल्या शाळेची प्रत्येक लिंक ________ या नावाने सुरू होते. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी हे नाव नसेल तर ती लिंक शाळेची नाही, मग ती ग्रुपवर कुणीही टाकलेली असो. शाळा लिंकवरून पैसे, ओटीपी किंवा आधार क्रमांक मागत नाही. त्यासाठी आपल्याला शाळेत बोलावले जाईल. शंका आली तर शाळेच्या वेळेत वर्गशिक्षकांना फोन करून विचारा."